हुसकावलेल्यांनी उघडलेली दारं

डब्लिनच्या पश्चिमेला, किल्डेअर परगण्याच्या हद्दीला लागून ॲडम्सटाउन आहे. २००१ साली सरकारने इथली जमीन खास विकासक्षेत्र म्हणून जाहीर केली, २००३ मध्ये आराखडा मंजूर झाला आणि २००७ मध्ये रेल्वे स्टेशन सुरू झालं. मंदीत काम रखडलं, पुन्हा सुरू झालं, आणि आज इथे मल्याळी, तेलुगू, मराठी, पोलिश, नायजेरियन कुटुंबं शेजारी शेजारी राहतात. यातली अनेक घरं परिचारिकांची आहेत आणि त्यांच्यातल्या काहीजणी अपंगांच्या निवासी केंद्रांत काम करतात.

इथून पायी अर्ध्या-पाऊण तासावर ल्यूकन हे जुनं गाव आहे. १८६९ मध्ये तिथे स्ट्युअर्ट संस्था सुरू झाली. आयर्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी स्वतंत्रपणे उघडलेली ही पहिली संस्था. पुढे ती जवळच्या पामर्सटाउनमध्ये गेली आणि आजही तिथे आहे. या परिसरात अपंगांच्या घराचा प्रश्न त्यामुळे दीडशे वर्षांचा जुना रहिवासी आहे. ॲडम्सटाउन त्याच्या शेजारी अलीकडे राहायला आलं.

या लेखाचा प्रश्न असा. धर्मापायी ज्यांचा छळ झाला, ज्यांना देश सोडावा लागला किंवा समाजाने वाळीत टाकलं, अशा काही ख्रिस्ती माणसांनी अपंगांसाठी घरं उघडली. छळाची आठवण आणि ही सेवा यांचं नातं नेमकं काय? आणि सेवा घेणारी मुलं अठरा वर्षांची झाल्यावर, म्हणजे कायद्याने सज्ञान झाल्यावर, त्या नात्याचं काय करायचं? मराठी पालक हाच प्रश्न तीन शब्दांत विचारतात: आमच्या पश्चात काय?

आयर्लंडची पार्श्वभूमी

आयर्लंडमध्ये छळाची आठवण कॅथलिकांची आहे. १६९५ पासून लागू होत गेलेल्या दंडविधानांनी त्यांच्या शाळांवर बंदी घातली. १६९७ च्या कायद्याने बिशपांना देशाबाहेर काढलं आणि १७०४ च्या कायद्याने कॅथलिकांना जमीन विकत घेणं अशक्य केलं. कॉर्कच्या नॅनो नेगल यांनी गरीब मुलांसाठी ज्या शाळा सुरू केल्या, त्या कायद्याच्या दृष्टीने गुन्हा होत्या. त्यांनी १७७५ मध्ये स्थापन केलेल्या संघातून प्रेझेंटेशन भगिनी पुढे आल्या. बंधनं सैल होत गेली तशा नव्या संघटना उभ्या राहिल्या: १८०२ मध्ये ख्रिश्चन ब्रदर्स, १८१५ मध्ये मेरी एकनहेड यांच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी, १८३१ मध्ये कॅथरिन मॅकॉली यांच्या सिस्टर्स ऑफ मर्सी. मधे १८२९ मध्ये कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क मिळाला. १८४६ मध्ये डब्लिनच्या कॅब्रा भागात डॉमिनिकन भगिनींनी कर्णबधिर मुलींची शाळा काढली आणि १८५७ मध्ये तिथेच ख्रिश्चन ब्रदर्सनी मुलांची शाळा काढली.

बौद्धिक अक्षमतेकडे मात्र त्यांचं लक्ष उशिरा गेलं. ल्यूकनची स्ट्युअर्ट संस्था प्रोटेस्टंट मंडळींनी उभारलेली होती. डॉ. जॉर्ज किड यांनी १८६५ मध्ये अशा मुलांसाठी जाहीर आवाहन केलं आणि डॉ. हेन्री हचिन्सन स्ट्युअर्ट यांनी जागा आणि पैसा दिला. कॅथलिक बाजूची पहिली अशी सेवा १९२६ ची: कॅब्रा इथल्या सेंट व्हिन्सेंटमधली, डॉटर्स ऑफ चॅरिटीच्या भगिनींची. दोन पंथ, दोन व्यवस्था, मधे जवळपास साठ वर्षं. मूल कुठल्या दाराशी जाणार हे त्याच्या गरजेइतकंच त्याच्या पंथावरून ठरत होतं, ही गोष्ट मला इथे महत्त्वाची वाटते. छळ सोसलेल्या समाजाने उभी केलेली सेवा आधी आपल्या माणसांकडे वळते. त्यात दुष्टावा नसतो, पण तिची मर्यादा तिथेच आखली जाते.

व्हिएन्नाहून आबर्डीनला

छळ आणि सेवा यांचं सर्वांत थेट नातं अपंगांसोबत एकत्र राहणाऱ्या कॅम्पहिल चळवळीच्या कथेत दिसतं, म्हणून तिथे जरा थांबतो.

कार्ल क्योनिग १९०२ मध्ये व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात जन्मले. डॉक्टर झाले, ख्रिस्ताकडे वळले आणि तत्त्वज्ञ रुडॉल्फ श्टायनर यांच्या विचारांत रमले. त्यांच्या पत्नी टिला मोरेव्हियन बंधुसंघात वाढलेल्या. या संघाचे पूर्वज बोहेमियातून छळ होऊन परागंदा झाले होते आणि १७२२ पासून काउंट त्सिन्त्सेनडॉर्फ यांच्या जमिनीवर हेर्नहूट इथे वसले होते. म्हणजे या एका संसारात दोन छळांच्या आठवणी नांदत होत्या. पतिपत्नी सायलेशियातल्या पिल्ग्राम्सहाइन इथे अपंग मुलांच्या संस्थेत काम करत होते. १९३५ मध्ये जर्मनीत श्टायनरवादी संघटनेवर बंदी आली आणि १९३६ मध्ये क्योनिग व्हिएन्नाला परतले. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. क्योनिग यांचा ख्रिस्ती विश्वास नाझींच्या हिशेबात कुठेच नव्हता, त्यांना रक्त तेवढं कळत होतं. म्हणून हा छळ धार्मिक की वांशिक, यावर अभ्यासक आजही वेगवेगळं लिहितात.

त्यांच्याभोवती तरुण डॉक्टर आणि विद्यार्थी जमले होते. बहुतेक ज्यू घरांतले. सगळे पांगले आणि स्कॉटलंडमध्ये आबर्डीनजवळ पुन्हा भेटले. हॉटन कुटुंबाने आपल्या जमिनीवरचं कर्कटन हाउस त्यांना राहायला दिलं. पहिली अपंग मुलं तिथे १९३९ मध्ये आली. १९४० च्या मे महिन्यात ब्रिटिश सरकारने या पुरुषांना शत्रुदेशाचे नागरिक म्हणून नजरकैदेत टाकलं. त्यांना जर्मनांनी ज्यू म्हणून हाकललं होतं आणि आता ब्रिटिशांनी जर्मन म्हणून कोंडलं. पुरुष आत असताना बायकांनीच १ जूनला मुलांसह सामान हलवलं आणि कॅम्पहिल नावाच्या मोठ्या घरात चूल मांडली. चळवळीला नाव त्या घराचं मिळालं.

त्याच काळात जर्मनीत काय चाललं होतं ते आठवायला हवं. १ सप्टेंबर १९३९ ही तारीख घातलेल्या हिटलरच्या पत्राने अपंग आणि मनोरुग्ण यांची हत्या सुरू झाली. ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे ७०,००० माणसं गॅसने मारली गेली. बिशप फॉन गालेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ ला उघड प्रवचनातून निषेध केला. गॅसचा कार्यक्रम त्यानंतर थांबला, हत्या उपासमारीने आणि औषधांनी चालूच राहिल्या. क्योनिग यांनी पुढे अशा अर्थाचं लिहिलं की आम्ही राजकीय निर्वासित होतो, तर ही मुलं समाजाला नको असलेले निर्वासित होती. या तुलनेवर त्यांची सगळी रचना उभी आहे. एकाच घरात, एकाच ताटवाटीला, पगाराविना राहायचं. सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा असा भेद जमेल तितका पुसायचा.

मग मुलं मोठी झाली. हा आपल्या विषयाचा कणा आहे. १९५५ मध्ये यॉर्कशरमधल्या बॉटन इथे प्रौढांसाठी पहिलं कॅम्पहिल गाव उभं राहिलं: शेती, दूध, बेकरी, विणकाम, सुतारकाम. शाळा संपल्यावर घरी परत पाठवायचं नाही, काम द्यायचं, ही कल्पना त्या काळात नवी होती. आयर्लंड बेटावर पहिलं कॅम्पहिल १९५४ मध्ये उत्तरेत ग्लेनक्रेगला आलं. पुढे दक्षिणेतही ही गावं पसरली आणि किल्डेअरमध्ये डन्शेन इथलं कॅम्पहिल तरुणांच्या प्रशिक्षणासाठी ओळखलं गेलं. ॲडम्सटाउनची गाडी सॅलिन्सकडे जाते, ते किल्डेअरच.

इकडे भारतात

आपल्याकडची सर्वांत जवळची कथा पंडिता रमाबाईंची. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, त्यापायी त्यांना धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला. पुढे आईवडील दुष्काळात गेले. १८८३ मध्ये इंग्लंडला वॉन्टेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन नंतर पुण्यात आलं. १८९३ मध्ये तिथल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आरोपावरून वादळ उठलं आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. याला छळ म्हणायचं की सार्थ शंका, यावर मराठीत शंभर वर्षं वाद आहे. टिळकपक्ष एक सांगतो, रमाबाईंचे चरित्रकार दुसरं. पण त्यानंतर केडगावला त्यांची मुक्ती ही संस्था उभी राहिली आणि तिथे अंध मुलींसाठी स्वतंत्र सदन झालं. रमाबाईंची कन्या मनोरमा ब्रेल शिकून आली आणि तिने त्या मुलींना शिकवलं. केडगावला आजही निराधार आणि अपंग स्त्रिया राहतात.

ओडिशातली घटना अधिक दारुण आहे. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावात मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, फिलिप आणि टिमथी, गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं. बारीपदाचं कुष्ठरोग्यांचं काम त्यांनी २००४ पर्यंत तिथेच राहून चालवलं आणि २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम बौद्धिक अक्षमतेचं नाही, तरीही छळानंतरची सेवा म्हणून हे उदाहरण टाळता येत नाही. त्याबद्दलच्या चर्चेत दोन सूर ऐकू येतात. एकाला क्षमेत विश्वासाची कसोटी दिसते. दुसऱ्याला काळजी वाटते की क्षमेच्या कौतुकात न्यायाची मागणी मागे पडते.

पुण्याजवळ मुळशी तालुक्यात कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेज आहे. बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसं तिथे कुटुंबासारख्या घरांत राहतात. तिथे छळाची कथा नाही आणि ख्रिस्ती प्रार्थनाही नाही. त्यामुळे धर्मश्रद्धेशिवाय सामूहिक घर टिकतं का, या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या घराजवळच आहे.

एकत्र राहण्याची बाजू

आता मतं. पहिली बाजू एकत्र राहणाऱ्यांची आहे. तिच्यात कॅम्पहिलसोबत लार्श ही चळवळही येते. तिचे संस्थापक ज्याँ वानिए यांनी १९६४ मध्ये फ्रान्समधल्या त्रोली-ब्रुई इथे दोन अपंग पुरुषांसोबत एका घरात राहायला सुरुवात केली. १९७० मध्ये बंगळुरूला आशा निकेतन झालं आणि त्या दशकाच्या अखेरीला आयर्लंडमध्ये किल्केनी परगण्यात घर झालं. या बाजूचं म्हणणं असं: अपंग तरुणाला सेवा पुष्कळ मिळतात, मैत्री मिळत नाही. पाळी संपली की कर्मचारी निघून जातो, सोबती निघून जात नाही. नॅन्सी आइसलंड यांनी १९९४ मध्ये अपंग देवाची कल्पना मांडली. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातावर खिळ्यांच्या खुणा आहेत, म्हणून देव स्वतःच जखमी शरीराचा आहे. आबर्डीनचे जॉन स्विंटन परिचारक होते आणि पुढे धर्मशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपण इथेच हवे आहोत असं माणसाला वाटणं यावर त्यांचा भर आहे. छळाची आठवण इथे बळ देते, कारण जो स्वतः नकोसा ठरला त्याला नकोसेपणाची चव ठाऊक असते.

हा मुद्दा मला पटतो. त्यातला एक धोकाही मला तितकाच स्पष्ट दिसतो. घर उभं करणाऱ्याचं दुःख मोठं असलं की त्या घरात राहणाऱ्याची तक्रार लहान वाटू लागते.

हक्काची बाजू

दुसरी बाजू अपंग चळवळीची. आपण कुठे आणि कोणासोबत राहायचं हे आपण ठरवू, हे तिचं मूळ सूत्र आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचं १९ वं कलम हेच सांगतं, आणि आयर्लंडने तो करार मार्च २०१८ मध्ये मान्य केला. त्याआधी २०११ मध्ये इथल्या आरोग्य सेवेचा एक मोठा अहवाल आला. दहा किंवा अधिक माणसं एकत्र राहतात अशा निवासांत सुमारे ४,००० अपंग व्यक्ती आहेत, असं त्याने मोजलं. त्यांना सात वर्षांत साध्या वस्तीतल्या, जास्तीत जास्त चार माणसांच्या घरांत हलवावं, असं सुचवलं. सात वर्षं उलटून गेली, पण काम पूर्ण झालं नाही.

या बाजूच्या हातात कटू पुरावा आहे. २० मे २००९ च्या सरकारी चौकशीच्या रायन अहवालात औद्योगिक शाळांबरोबर अपंग मुलांच्या कॅथलिक संस्थांमधल्या अत्याचारांचीही नोंद आहे. त्यात कॅब्राची कर्णबधिर मुलांची शाळा आहे आणि कॉर्कमधली लोटा ही संस्था आहे. वानिए २०१९ मध्ये वारले. फेब्रुवारी २०२० मध्ये लार्शने स्वतःच चौकशी जाहीर करून सांगितलं की त्यांनी सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. २०२३ च्या अहवालात हा आकडा किमान २५ झाला. त्या स्त्रिया बौद्धिक अक्षमता असलेल्या नव्हत्या, हे नोंदवलं पाहिजे. पण सत्पुरुषाभोवती बांधलेल्या घराला खिडक्या कमी असतात, ही टीका आता कुणी सहज बाजूला सारू शकत नाही.

नियमांची बाजू

तिसरी बाजू शासनाची आणि व्यावसायिकांची. नोव्हेंबर २०१३ पासून हिक्वा ही संस्था अपंगांच्या निवासी केंद्रांची नोंदणी आणि तपासणी करते. डिसेंबर २०१४ मध्ये आयरिश दूरचित्रवाणीच्या छुप्या कॅमेऱ्याने मेयो परगण्यातल्या ॲरस ॲट्रॅक्टा केंद्रातली मारहाण दाखवली. ते केंद्र सरकारी होतं, धर्मसंस्थेचं नव्हतं. म्हणून ‘धर्म काढा, सगळं सुधारेल’ असं म्हणणाऱ्यांनाही थांबून विचार करावा लागतो.

कॅम्पहिलचीही कसोटी लागली. किल्केनीतल्या बॅलिटोबिन इथलं केंद्र २०१७ मध्ये आरोग्य सेवेने स्वतःच्या हाती घेतलं. बॉटनमध्ये २०१४ च्या सुमारास पगारविरहित सहजीवन संपवून नोकरीचे करार आणण्यावरून मोठा संघर्ष झाला. सहनिवासी म्हणाले की आमचं घर मोडलं. व्यवस्थापनाचं म्हणणं होतं की कायदा आणि सुरक्षितता यांतून सुटका नाही. मला या वादात कुणी खलनायक सापडत नाही. रात्री दोनला फिट आलेल्या तरुणाजवळ कोण असेल याची लेखी जबाबदारी ठरलेली असावी, ही अपेक्षा रास्त आहे. त्याच तरुणाला सकाळी ओळखीचं माणूस दिसावं, हीसुद्धा रास्त आहे.

कुटुंबांची बाजू

चौथी बाजू लेखांत क्वचित येते, ती घरच्यांची. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये भारतीय नागरिक ४५,४४९ होते आणि स्वतःला कॅथलिक म्हणवणारे ६९ टक्के, २०१६ मध्ये हे प्रमाण ७९ टक्के होतं. धर्मसंघांनी उभ्या केलेल्या केंद्रांत एकीकडे धर्मभगिनी कमी होत आहेत आणि दुसरीकडे केरळच्या परिचारिका वाढत आहेत. त्या बहुतेक श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत. संस्थेच्या फलकावरची श्रद्धा उतरणीला लागली, पण खाटेजवळच्या माणसाची श्रद्धा टिकून आहे.

हिंदू किंवा मुस्लिम पालकांसाठी चित्र निराळं आहे. मुलगा अठराचा झाला, शाळा संपली, दिवसाच्या केंद्रात जागा मिळाली. तिथे नाताळची तयारी महिनाभर चालते. गणपतीत त्याला घरी ठेवलं तर चालेल का, तो अंडं खात नाही हे कुणाच्या लक्षात राहील का, चतुर्थीला आईसोबत त्यालाही उपास करायचा असतो ते वहीत कुठे लिहायचं? बहुतेक ठिकाणी हे सांगितलं की ऐकलं जातं. पण ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने सांगणारं माणूस लागतं, आणि ते माणूस म्हातारं होत असतं. एकत्र कुटुंबातल्या भावंडांचा, काका-मावशीचा आधार इथे हजारो मैल दूर आहे. ‘पश्चात काय’ हा प्रश्न त्यामुळे पुण्यापेक्षा ॲडम्सटाउनमध्ये लवकर अंगावर येतो.

न सुटलेलं

छळ सोसल्याने करुणा येते का, याचं एकच उत्तर इतिहास देत नाही. क्योनिग यांच्या घरात ती आली. आयर्लंडमध्ये ज्यांच्या शाळा एकेकाळी बेकायदा होत्या, त्यांच्याच वारसांच्या काही शाळांत पुढे मुलं भीतीने जगली. छळाची आठवण दार उघडायला लावते, हे मला मान्य आहे. आत आलेल्याला बाहेर जाता येईल की नाही हे मात्र वेगळ्या गोष्टीवर ठरतं: त्याच्या ‘नाही’ला वजन आहे का, यावर.

याच जागी कायदा नुकताच बदलला आहे. १८७१ च्या वेडेपणाविषयीच्या कायद्यानुसार आयर्लंडमध्ये निर्णयक्षमता नसलेल्या प्रौढाला न्यायालयाच्या पालकत्वाखाली ठेवलं जाई. २०१५ चा साहाय्यित निर्णयाचा कायदा २६ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आणि प्रौढांना नव्याने तसं ठेवणं थांबलं. आता प्रौढ व्यक्ती निर्णय घेऊ शकते असं आधी गृहीत धरायचं आणि मदत लागली तर मदतनीस नेमायचा. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालक नेमण्याची सोय केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली. दोन्हीचा मेळ पूर्ण बसलेला नाही.

श्रद्धेचा निर्णय या नव्या चौकटीत कुठे बसतो, हे अजून कुणी नीट मांडलेलं नाही. मिस्साला जायचं की नाही, आरतीला उभं राहायचं की नाही, हे तरुणाने ठरवायचं की त्याच्या घराण्याने, की तो राहतो त्या घराच्या रीतीने? एखाद्याला शब्दांत श्रद्धा सांगता येत नाही, पण घंटा वाजली की तो उठून उभा राहतो. ती त्याची निवड म्हणायची की सवय? चर्च यावर बोलतं, अपंग चळवळ सहसा बोलत नाही, आणि तपासनीसाच्या अर्जात त्यासाठी बहुधा एकच ओळ असते.

दुसरा उघडा प्रश्न जागेचा. कॅम्पहिलला शेतं लागली, स्ट्युअर्टला मोठं आवार लागलं. चार माणसांचं घर हे आता धोरण असेल, तर ती घरं ॲडम्सटाउनसारख्या वस्त्यांतच निघायला हवीत. २००० च्या नियोजन कायद्याने नव्या वसाहतीतला काही हिस्सा सामाजिक घरांसाठी राखण्याचं बंधन आणलं. त्यातली किती घरं बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांच्या नावावर होतात, भाडेकरार कोण करतं, आणि सोबत राहायला पगारी माणूस मिळतं की सोबती, यावर पुढची वीस वर्षं ठरतील. स्टेशनजवळ नवे मजले चढत आहेत. तळमजल्यावरचे रुंद दारांचे फ्लॅट कुणाला मिळणार, हे पालक आत्तापासून विचारू लागले आहेत.